हुकूम झाला, पोटगी कुठाय?

कॉलेजच्या फीची शेवटची तारीख जवळ आली, की काही घरांत एकच विषय निघतो, 'पप्पांनी या महिन्याचे पाठवले काय?' आई-वडील वेगळे राहतात, कोर्टानं मुलांसाठी पोटगी ठरवून दिली आहे, पण खात्यावर काही येत नाही. हुकुमाची नक्कल मात्र कपाटात जपून ठेवलेली.

ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमध्ये मुलांची पोटगी वसूल करायला सरकारी यंत्रणा आहे; ती पगारातूनही पैसे कापून घेते. आपल्याकडं असं वसुली खातं नाही. पैसे थकले, की पुन्हा कोर्टातच अर्ज. 1 जुलै 2024 पासून जुन्या कलम 125 ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नं घेतली, वसुलीची पद्धत तीच राहिली. कोर्ट वॉरंट काढतं. तरीही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. आत जाऊन आलं म्हणून देणं फिटत नाही.

पण एक मेख आहे. हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. 'दिवाळीनंतर देतो म्हणालेत' करत दोन वर्षं गेली, तर आधीच्या वर्षाचे पैसे या मार्गानं हातचे गेले. पाहुणे 'घरातच मिटवा' म्हणत असतात, तेव्हाही ही मुदत संपतच असते.

दुसरी पळवाट सगळ्यांना पाठ आहे. जमीन आजोबांच्या नावावर, गाडी काकांच्या, कमाई रोखीत आणि कोर्टात 'मला उत्पन्नच नाही'. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 4 नोव्हेंबर 2020 ला यावर बोट ठेवलं. आता दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज शपथपत्रावर मांडायचं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. वडील नोकरदार असतील आणि प्रकरण कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली असेल, तर पगारातूनच थेट पैसे देण्याचा आदेश कोर्ट मालकाला देऊ शकतं. तो अर्जात मागून ठेवा.

वकिलाच्या फीचं काय? कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि मुलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर 15100.

अठरा पूर्ण झाल्यावर कलम 144 ची पोटगी थांबते. अपंगत्वामुळं स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर अपवाद. मुलींनी मात्र इथं थांबू नये. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, 1956 च्या कलम 20 खाली, स्वतःचा खर्च भागवता येत नसलेली अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही वडिलांकडं खर्च मागू शकते. तो दावा वेगळा आणि तिनं स्वतः करायचा.

आणखी एक गोष्ट नवी आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकुमाला आव्हान दिलं, की आईला मुंबईच्या फेऱ्या पडायच्या. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात सुरू झालं आहे. आता तारखेला केएमटीनं जाता येतं.