वाकत्या सांध्यातली नळी

शस्त्रक्रियागृहात नळी बसते खरी, परंतु ती टिकली की नाही याचा दाखला, रुग्णाला पुढे दरसाल जिथे हजेरी लावावी लागते त्या, रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर यंत्राच्या अंधाऱ्या खोलीतच मिळतो.

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ तिथे पालथे निजले होते. त्यांच्या डाव्या गुडघ्यामागची धमनी, जिचा व्यास एरवी सात ते नऊ मिलिमीटर असावयाचा, ती फुगून तिप्पट झाली होती. आणि जांघेतल्या छिद्रावाटे, कृत्रिम अस्तराची निटिनॉलची जाळीदार नळी त्या फुगवट्यातून आरपार बसवून रक्ताला नवा मार्ग करून दिलेला होता. असा धमनीविस्फार एकंदरीत विरळाच. मात्र ज्याला होतो तो बहुधा पुरुष असतो, आणि सुमारे निम्म्या रुग्णांत दोन्ही पाय बाधित निघतात. तो फुटण्याचे भय थोडे. आत साचलेल्या गुठळ्या सुटून पोटरीच्या धमन्या बुजवतात आणि पाय गमावण्याची पाळी येते, हे भय मोठे. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात १७८५ साली शल्यचिकित्सक जॉन हंटरने एका गाडीवानाच्या मांडीतली धमनी बांधून असाच विस्फार निकामी केला, तेव्हा पाय वाचला तो आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांच्या भरवशावर.

तंत्रज्ञ बाईंनी जेली लावून प्रोब टेकवला. पडद्यावर नळीच्या दोन भिंती उमटल्या, मध्ये रंगीत प्रवाह. आणि जिथे नळीच्या एका तुकड्यात दुसरा तुकडा बसवला होता तिथे त्यांचा हात थबकला. "आजोबा, गुडघा वाकवा. अजून थोडा." पाय सरळ असताना संथ असलेला प्रवाह वाकताच त्या जोडाशी वेगावला, आणि बाईंनी आकडा टिपून घेतला. नळीची तार मोडते ती बहुधा याच दुहेरी, ताठर भागाच्या कडेला. आणि ग्रोनिंगेनच्या शल्यचिकित्सकांना असे भंग तरुण, हिंडत्याफिरत्या रुग्णांत अधिक आढळले. तार मोडली म्हणजे नळी बंदच पडते असे नव्हे. म्हणून क्ष-किरणाचा फोटो आणि डॉप्लर दोन्ही पाहिल्यावाचून निकाल देऊ नये, हे मला रास्त वाटते.

पायातलीच नीला काढून फुगवट्याला वळसा घालणाऱ्या जोडणीशी या नळीची तुलना करावी, तर पुरावा तुटपुंजा: पादुआ येथील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवघे तीस विस्फार होते, आणि निर्णायक फरक दिसला नाही. शिवाय आपल्याकडे पाटावर मांडी घालणारा, उकिडवा बसणारा गुडघा जितका दुमडतो, तितका खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्याचा दुमडत नाही. नळीच्या टिकाऊपणाचे परदेशी आकडे वाचताना एवढी वजाबाकी मी मनाशी करतोच.

"मग पंगतीला बसू की नको?" गृहस्थांनी विचारले.

"खुर्ची मागून घ्या," डॉक्टर म्हणाले, "आणि गुठळी होऊ न देणारी ती क्लोपिडोग्रेलची गोळी चुकवू नका."

मग उजवा पाय तपासला. तिथला फुगवटा सतरा मिलिमीटर भरला. शस्त्रक्रियेचा विचार सहसा वीस मिलिमीटरपासून होतो, तेव्हा तूर्त सहा महिन्यांची मुदत मिळाली. परंतु हृदय ठीक आहे आणि मांडीतली नीला जाड आहे असे पाहून डॉक्टरांनी कागदावर आधीच लिहून ठेवले: वेळ आलीच, तर या पायात नळी नको, जोडणी करावी.