यीस्टमधील एक प्रथिन आणि आपले ‘कॅट’

मंडळी, छत्रीबागेतल्या आपल्या घरी जो पाव येतो, तो फुगवणारे यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पण तिच्या पेशीत प्रथिने बनवण्याचे काम बरेचसे आपल्या पेशींसारखेच चालते. म्हणूनच माणसाचे शरीर समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ यीस्टचा अभ्यास करतात. त्यातील एका प्रथिनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

डीएनए ही पेशीची मूळ पोथी. तिच्यातला हवा तेवढा मजकूर आरएनएच्या पट्टीवर उतरवला जातो आणि रायबोसोम ती पट्टी वाचून प्रथिन तयार करतो. मात्र ही पट्टी पुष्कळदा स्वतःवरच दुमडलेली असते. वाचन सुरू होण्याआधी तिच्या घड्या सोडवाव्या लागतात. ते काम ‘ईआयएफ-४ए’ हे प्रथिन करते. त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून मिळते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००० साली यीस्टमधील या संपूर्ण प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. व्यायामाच्या डंबेलसारखा तिचा आकार आहे : दोन बाजूंना दोन गोळे आणि त्यांना जोडणारा ११ अमिनो आम्लांचा लवचीक दुवा. याच कुळातील इतर प्रथिनांवरून पुढे कळले, की एटीपी आणि आरएनए पकडताना हे गोळे जवळ येतात, आणि काम झाले की पुन्हा सुटे होतात. आकार कळला म्हणून काम कळले.

याचा आपल्याशी संबंध काय? कर्करोगाच्या पेशींना झपाट्याने वाढण्यासाठी भरपूर प्रथिने लागतात. माणसातील ईआयएफ-४ए आरएनएवरच जखडून टाकणारे रोकाग्लामाइड हे द्रव्य वनस्पतींत सापडले आहे. त्याच धर्तीच्या औषधाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या आहेत.

इतकी सूक्ष्म वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. प्रथिन शुद्ध करून त्याचे स्फटिक वाढवतात, त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून गणिताने अणूंच्या जागा ठरवतात. स्फटिक धरतील याची खात्री नसते. कधी कधी त्यातच वर्षे जातात.

अशा कामाची सोय आपल्या इंदूरमध्येच आहे. आपण ज्याला अजूनही ‘कॅट’ म्हणतो, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हे १७२.५ मीटर परिघाचे यंत्र आहे. त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळतात. प्रथिनांच्या स्फटिकांसाठी तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतंत्र किरणवाहिनी उभारली आहे.

अकरावीला गणित घ्यायचे की जीवशास्त्र, यावर घरोघरी चर्चा होते. या कामात भौतिकी, रसायन, गणित आणि जीवशास्त्र, चारही लागतात. आपल्या मुलांना हे जरूर सांगावे, आणि केंद्र पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये, एवढीच आमची विनंती.