‘डेल्फ’ नव्हे, ‘देल्फ’!

पेशव्यांशी सख्य जोडण्याच्या आशेने सेंट लुबिन हा फ्रेंच गृहस्थ १७७७ मध्ये चौलच्या बंदरात उतरला आणि तेथून पुण्यास गेला. ती वाटाघाट फळास आली नाही आणि रायगडच्या किनाऱ्यावर फ्रेंच भाषा कानी पडण्याचे कारणही पुढे उरले नाही. आता ती येथील घरांत शिरते ती अकरावीच्या प्रवेशअर्जातून. राज्यातील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत ती द्वितीय भाषा म्हणून घेता येते, आणि ‘गुण देणारा विषय’ अशी तिची ख्याती आहे. मात्र बारावीला नव्वदांच्या घरात गुण मिळवणारा विद्यार्थी फ्रेंच माणसापुढे दोन वाक्ये बोलताना अडखळतो, तेव्हा या ख्यातीचा पोकळपणा उघड होतो. फ्रेंच शासनाच्या शिक्षण मंत्रालयाची ‘डेल्फ’ ही प्रावीण्य परीक्षा नेमका हाच पोकळपणा हेरते.

१९८५ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेची रचना २००५ पासून युरोपीय भाषा-आराखड्यानुसार करण्यात आली. तिच्या ए-१, ए-२, बी-१ आणि बी-२ अशा चार पायऱ्या आहेत. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० गुण तर हवेतच, शिवाय कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडून चालत नाही. म्हणजे लेखनात कितीही बाजी मारली आणि तोंड उघडले नाही, तरी प्रमाणपत्र हुकते. शाळकरी मुलांसाठीच्या आवृत्तीत काठिण्य तेच, विषय मात्र त्यांच्या वयाचे असतात. पालकांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की प्रत्येक पायरी स्वतंत्र आहे. ए-१ न देता थेट ए-२ ला बसता येते. प्रत्येक पायरीचे शुल्क भरण्याची सक्ती नाही, आणि एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायम ग्राह्य असते.

कोणती पायरी निवडावी, याचे उत्तर हेतूवर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवी घ्यायची, तर साधारणतः बी-२ लागते; ए-१ वा ए-२ च्या बळावर तेथील विद्यापीठाचे दार उघडेल, ही समजूत चुकीची आहे. अकरावीत श्रीगणेशा करणाऱ्याने बारावीअखेर ए-२ गाठणे वास्तववादी. बी-१ साठी वर्गाबाहेर भरपूर घाम गाळावा लागतो.

अलिबाग, रेवदंडा किंवा मुरूडच्या विद्यार्थ्याची खरी अडचण आहे ती कानांची. ऐकण्याच्या भागात ध्वनिमुद्रण एकदा किंवा दोनदाच वाजवले जाते आणि भोवताली तर फ्रेंच बोलणारे कोणी नसते. ‘आरएफआय’ या फ्रेंच नभोवाणीच्या संकेतस्थळावर शिकणाऱ्यांसाठी सोप्या भाषेतील बातमीपत्र आणि ‘टीव्ही ५ मोंद’वर पायऱ्यांनुसार सराव मोफत मिळतो. रोज पंधरा मिनिटांचे श्रवण परीक्षेआधीच्या पंधरवड्यात बारा तास बसण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

याहून मोठे साधन मुलांच्या तोंडीच आहे, पण शिकवण्या बहुधा इंग्रजीच्या आधाराने चालत असल्याने ते वाया जाते. परीक्षेच्या नावापासूनच पाहा. आपण ‘डेल्फ’ म्हणतो. फ्रेंच माणूस ‘देल्फ’ म्हणतो. फ्रेंचमधील त आणि द मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने मुले तेथे ट आणि ड घुसडतात. नाकातले स्वर तर कोकणाला परके नाहीत. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार कागदावरून गेले, तरी कोकणातील अनेक बोलींत सानुनासिक स्वर आजही ऐकू येतात. ‘व्हाँ’ म्हणजे वारा आणि ‘व्हँ’ म्हणजे वाइन, हा फरक ज्याच्या आजीचे बोलणे अजून सानुनासिक आहे, त्याला सांगावा लागू नये.

व्याकरणातही तेच. इंग्रजीतील एकाच ‘यू’मागे तू आणि तुम्ही दोन्ही लपतात, फ्रेंचमध्ये मराठीसारखीच दोन वेगळी सर्वनामे आहेत, आणि पत्रलेखनात त्यांची सरमिसळ केल्यास गुण जातात. भूतकाळाचे जे रूप इंग्रजीतून शिकताना डोकेदुखी ठरते, ते मराठीतून सहज उलगडते. ‘तो गेला, ती गेली’ असे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, तसेच फ्रेंचमध्येही जाण्या-येण्याच्या क्रियापदांचे होते. ‘त्याने पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली’ असे कर्माप्रमाणे बदलणारे रूपही तेथे आहे. फरक इतकाच, की कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच ते बदलते. संख्यांचेही तसेच. सत्त्याण्णवसाठी फ्रेंच माणूस ‘चार वीस, दहा, सात’ म्हणतो. हे ऐकून मुले हसतात. पण विसाच्या हिशेबाने मोजणारी जुनी माणसे गावोगाव होती. किमती आणि दूरध्वनी क्रमांक हे ए-१ च्या श्रवणातले हमखास विषय असल्याने हा हिशेब पक्का हवाच. मराठी सर्वत्र तारून नेते असे मात्र नाही. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपले ‘ते टेबल’ तिथे स्त्रीलिंगी होते. प्रत्येक नाम लिंगासह पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षक घर, कुटुंब, शाळा, छंद यांविषयी विचारतो. पुस्तकातला आयफेल टॉवर घोकून आलेली मुले येथे गप्प होतात. त्यापेक्षा अलिबागचा पांढरा कांदा, बाजारातील घासाघीस, सुट्टीत गजबजणारा समुद्रकिनारा यांचे वर्णन करण्याची तयारी हवी. खरेदीचा प्रसंग तर ए-१ मध्ये अभिनयासह वठवावा लागतो.

परीक्षा मुंबईत न्यू मरीन लाइन्स येथील आलियांस फ्रान्सेझमार्फत देता येते. लेखी आणि तोंडी परीक्षा वेगवेगळ्या दिवशी असू शकतात, म्हणजे दोन खेपा. पावसाळ्यात गेट वे ऑफ इंडिया आणि मांडवा यांमधील लाँचसेवा बंद असते. २०२० मध्ये सुरू झालेली भाऊच्या धक्क्यावरील रो-रो बोटही खवळलेल्या समुद्रापुढे वेळापत्रक पाळीलच असे नाही. वडखळमार्गे रस्त्याने जायचे, तर वाहतूककोंडीचा अंदाज धरावा लागतो. अर्ज भरतानाच परीक्षेचा महिना पाहावा, आणि परीक्षा सकाळची असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबईत मुक्कामाला जावे.