पाचोळ्यातील कार्बन

धरमतरच्या खाडीतून बार्ज भरून दगडी कोळसा येतो आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जातो. हा कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलाखाली, हवेपासून दूर गाडल्या गेलेल्या वनस्पतीच होत. त्याच खाडीच्या परिसरात फाल्गुनात झाडांची पाने गळतात, अंगणे झाडली जातात आणि पाचोळ्याच्या ढिगाला काडी लावली जाते. एकीकडे कार्बन दुरून आणावा लागतो. दुसरीकडे तो धूर होऊन उडून जातो.

उघड्या आगीत प्राणवायू पानांतील कार्बनशी संयोग पावतो आणि मागे मूठभर राख उरते. प्राणवायूच मिळू दिला नाही, तर पाणी व इतर वायू निघून जातात, परंतु बराचसा कार्बन जागीच राहतो. लोणारी कोळसा याच रीतीने तयार होतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सतीशचंद्र ओगले व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या रीतीला नवी दिशा दिली. गळलेल्या पानांची भुकटी प्राणवायूविना १००० अंश सेल्सिअसला तापवून त्यांनी अत्यंत सच्छिद्र कार्बन मिळविला. त्यासाठी निराळे तीव्र रसायन वापरावे लागले नाही. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. या कार्बनच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे १२३० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १२ गुंठे भरतो.

विद्युतभारित कण या पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यावरच सुपरकपॅसिटर चालतो. तो काही क्षणांत भारित होतो व लाखो वेळा वापरता येतो. मात्र तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीइतकी ऊर्जा त्यात मावत नाही.

भट्टीच्या उष्णतेलाही इंधन लागते, हे विसरून चालणार नाही. शिवाय सर्वच पाचोळा टाकाऊ नसतो. भाताचा पेंढा गुरांच्या मुखी जातो, राबाची राख रोपांना पोसते, झाडाखाली कुजलेले पान मातीला परत मिळते. प्रश्न आहे तो निष्कारण जाळल्या जाणाऱ्या ढिगाचा. त्यात आश्रय घेतलेले असंख्य लहान जीवही होरपळतात.

अशी भट्टी गावापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर तो ढीग खड्ड्यात, मातीखाली कुजू द्यावा. त्याला काडी लावण्याची घाई कशासाठी?