घर पाण्यावर, भाडे काठाला

लंडनला गेलेली मराठी माणसे प्रिमरोझ हिलजवळच्या 10, किंग हेन्रीज रोड या घरी आवर्जून जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये शिक्षणासाठी तिथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले. तिथून थोडे चालले, की टेकडीच्या दक्षिणेला रीजंट्स कॅनॉल लागतो. कालव्याच्या काठाने पश्चिमेकडे, लिटल व्हेनिसच्या दिशेने गेले, की लांबट, अरुंद बोटी एकामागे एक बांधलेल्या दिसू लागतात. टपावर सायकल, सरपण, कोळशाची पोती, फुलझाडांच्या कुंड्या. पर्यटक फोटो काढून पुढे जातात. यांतल्या कितीतरी बोटींत माणसे बारा महिने राहतात आणि सकाळी उठून त्याच शहरात कामाला जातात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

रीजंट्स कॅनॉल 1820 मध्ये लाइमहाउसपर्यंत पूर्ण झाला. कोळसा, लाकूड, बांधकामाचे सामान वाहणे हे त्याचे काम. पुढे रेल्वेने आणि मग ट्रकने ते काम हिरावून घेतले, पण कालवे राहिले. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 2,000 मैलांच्या जलमार्गांची देखभाल 2012 पासून ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था करते. लंडनमध्ये घराची सरासरी किंमत पाच लाख पौंडांच्या वर गेल्यावर या पाण्याकडे घर म्हणून पाहणाऱ्यांची संख्या भराभर वाढली.

हिशेब वरवर पाहता मोहात पाडणारा आहे. 57 फुटी, जुनी पण धडधाकट नॅरोबोट साधारण 50 ते 80 हजार पौंडांत मिळते. रुंदी जेमतेम सात फूट, कारण अठराव्या शतकात मिडलंड्समधल्या कालव्यांचे लॉक (बोटी वरखाली करणारे दारांचे हौद) तेवढ्याच रुंदीचे बांधले गेले. लांबी 57 फूट अशासाठी, की उत्तरेकडच्या काही कालव्यांचे लॉक आखूड आहेत आणि याहून लांब बोट त्यांत मावत नाही. पुढचा-मागचा डेक सोडला तर आत राहण्याजोगी जागा उरते 270-280 चौरस फूट, म्हणजे मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या घरापेक्षा जराशी कमी. त्यात ओटा, शेगडी, शॉवर, पलंग, कपाटे सगळे बसवलेले असते. एकट्याला किंवा दोघांना पुरते.

पण बोट घेतली म्हणजे घर झाले, असे नाही. बोट कुठे बांधायची, हा खरा प्रश्न. इंग्लंडमध्ये या जागेला ‘मूरिंग’ म्हणतात आणि शहरातल्या स्वस्त राहण्याचे सगळे गणित तिच्यावर ठरते. बोट हवी तेव्हा विकत मिळते. लंडनमध्ये तिच्यासाठी जागा मिळवणे हे वेगळेच काम आहे, आणि बहुतेकांची फसगत होते ती इथेच.

जागेचे तीन प्रकार पडतात. पहिला, कायम राहण्याची परवानगी असलेली ‘रेसिडेन्शियल मूरिंग’. तिला स्थानिक कौन्सिलची बांधकाम-नियोजन परवानगी लागते. पत्ता मिळतो, टपाल येते, बहुधा वीज-पाणीही असते, आणि कौन्सिल टॅक्स लागू होतो. मध्य लंडनमध्ये अशा जागेचे वर्षाचे भाडे दहा हजार पौंडांच्या पुढे सहज जाते आणि जागा क्वचितच रिकाम्या होतात. दुसरी ‘लेझर मूरिंग’. ही बोट ठेवण्याची जागा, राहण्याची नव्हे. स्वस्त असते म्हणून पुष्कळ जण ती घेऊन गुपचूप राहतात. ‘आजवर कोणी काही बोलले नाही’ हे वाक्य विक्रेत्याकडून ऐकले, की ग्राहकाने सावध झालेले बरे. कौन्सिलची नोटीस आली किंवा मरिनाचा मालक बदलला, की तक्रार करायला हातात काहीच कागद नसतो.

तिसरा प्रकार म्हणजे जागाच न घेणे. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याने ही मुभा दिली आहे. कायमची जागा नसलेल्या बोटीने खरोखरच प्रवासात असले पाहिजे आणि एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, एवढीच अट. जागेचे भाडे शून्य. लंडनमध्ये स्वस्त राहणे म्हणतात ते बहुतांशी हेच. मात्र दोन पुलांमध्ये मागेपुढे करून भागत नाही. वर्षभराचा वावर 20 मैलांच्या आत असेल तर अट पाळली जाण्याची शक्यता फारच कमी, असे ट्रस्टने स्पष्ट केले आहे. ट्रस्टची माणसे काठाने फिरून बोटींचे क्रमांक टिपतात. समाधान झाले नाही तर ट्रस्टकडून मिळणारे बोटीचे लायसन्स अडते, आणि लायसन्स नसलेली बोट पाण्यातून उचलून न्यायचा अधिकार ट्रस्टला आहे.

दर पंधरवड्याला घर हलवणे ऐकायला मजेचे वाटते. नोकरी पूर्वेला, मुलाची शाळा पश्चिमेला आणि हिवाळ्यात साडेचारला अंधार, अशा घराला ते किती जड जाते, हे बोट घेण्याआधी कागदावर मांडून पाहावे. ट्रस्टची लॉकदुरुस्तीची मोठी कामे नोव्हेंबर ते मार्च चालतात. तेव्हा काही जलमार्ग बंदच असतात. शिवाय एप्रिल 2024 पासून कायमची जागा नसलेल्या बोटींच्या लायसन्सवर अधिभार बसला आहे. सुरुवात 5 टक्क्यांनी झाली आणि तो टप्प्याटप्प्याने 2028 पर्यंत 25 टक्क्यांवर न्यायचे ठरले आहे. आधीच अडचणीत असलेल्या माणसांवर हा बोजा पडतो, ही बोटवाल्यांच्या संघटनांची तक्रार रास्त आहे. ज्यांना दुसरे घर परवडत नाही, तेच बहुधा या प्रकारात असतात.

जागा पाहायला गेल्यावर काय पाहायचे? आधी पाण्याचा नळ आणि ‘एल्सन’, म्हणजे संडासाची टाकी रिकामी करायची जागा, किती लांब आहे ते. अनेक बोटींत कॅसेटचा संडास असतो. साधारण 20 लिटरची ती पेटी भरली, की हाताने ओढत न्यायची, ओतायची, धुवायची. एकट्या माणसाला आठवड्यातून एकदा-दोनदा हे करावे लागते. हे अंतर शंभर पावले आहे की एक मैल, यावर रोजचे सुख-दुःख अवलंबून असते. मग ऊन. टपावरच्या सोलर पॅनेलना झाडांची सावली चालत नाही. काठावर विजेची सोय नसेल तर बॅटरी भरायला इंजिन चालवावे लागते, आणि रात्री 8 ते सकाळी 8 ते चालवायला मनाई आहे.

काठावर वीज असली तरी एक धोका आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. एकाच धक्क्यावरच्या बोटी विजेच्या अर्थिंगच्या तारेने एकमेकींना जोडल्या जातात. पाण्यात त्यातून बारीक प्रवाह वाहतो आणि पोलादी तळ हळूहळू खाल्ला जातो. ‘गॅल्व्हानिक आयसोलेटर’ नावाचे छोटे उपकरण बसवले तर हे टळते. तळाला दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून डांबरासारखा काळा लेप द्यावा लागतो. दर चार वर्षांनी सुरक्षिततेचे प्रमाणपत्र, दर वर्षी विमा आणि हजार पौंडांच्या पुढचे लायसन्स. बँका बोटीवर घरासारखे कर्ज देत नाहीत. बोटीची वेगळी कर्जे असतात, पण त्यांची मुदत कमी आणि व्याज जास्त.

थेम्सवर राहायचे असेल तर गोष्ट आणखी बदलते. लंडन ब्रिजपाशी मोठ्या भरती-ओहोटीत पाणी सात मीटरच्या आसपास चढते-उतरते. जुन्या बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, तिथे दिवसातून दोनदा चिखलावर टेकतात आणि पुन्हा तरंगतात. कादंबरीकार पेनेलोपी फिट्झजेराल्ड मुलांसह अशाच एका बार्जवर राहत होत्या, कारण दुसरे काही परवडत नव्हते. ती बार्ज बुडाली. त्या अनुभवावर लिहिलेल्या ‘ऑफशोअर’ला 1979 चे बुकर पारितोषिक मिळाले.

सगळ्यात कच्चा दुवा कायद्याचा आहे. चेल्सीमधल्या एका हाउसबोटीच्या भाडेकरूचा खटला 2000 मध्ये अपील कोर्टापुढे आला. बोट दोरांनी आणि नळ-तारांनी काठाला जोडलेली असली तरी ते सगळे सोडवता येते. म्हणून ती जमिनीचा भाग नाही, जंगम वस्तू आहे, असे कोर्टाने ठरवले. घराच्या भाडेकरूला मिळणारे संरक्षण त्यामुळे बोटीला लागू झाले नाही. स्वतःची बोट असणाऱ्याचीही अवस्था फार निराळी नाही. त्याचा हक्क जागेच्या करारात लिहिला असेल तेवढाच. वर्षाअखेरीस भाडे किती वाढवता येईल, किती दिवसांच्या नोटिशीवर निघावे लागेल, बोट विकली तर जागा नव्या मालकाला मिळेल की नाही, हे करारात शोधायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असते. जागेसह बोट म्हणून जाहिरात असली, तरी जागेच्या मालकाचे लेखी पत्र हाती येईपर्यंत विसार देऊ नये.

म्हणून जाणते लोक उलट्या क्रमाने जातात: आधी जागा, तिथे चालणारी लांबी-रुंदी पक्की करायची, मग त्या मापाची बोट, मग ती पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तळाची जाडी मोजून घ्यायची. नवा तळ बहुधा 10 मिलिमीटरचा असतो. तो झिजून 4 मिलिमीटरच्या खाली गेला, की बऱ्याच विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत, आणि पूर्ण विम्याशिवाय अनेक मरिना बोट आत घेत नाहीत.