सोफ्याखाली बसलेला कुत्रा

‘रस्त्यावरचा कुत्रा घरात रुळत नाही हो!’ हे वाक्य बहुतेक वेळा चौथ्या दिवशी ऐकू येतं. संस्थेतून दत्तक आणलेला कुत्रा सोफ्याखाली बसलेला असतो. जेवत नाही, हात लावला की अंग चोरतो. घरच्यांना तो हट्टी वाटतो. खरं तर तो घाबरलेला असतो. प्राणी सोडवणारे कार्यकर्ते एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराची सवय व्हायला, तीन महिने घर आपलं वाटायला. काहींना वर्षही लागतं. तोवर पाहुण्यांची रीघ नको, ओढून मांडीवर घेणं नको, जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात. दिवाळीच्या तोंडावर तर कुत्रा आणूच नये. फटाक्यांनी बिथरून तो पळाला, तर नव्या घराची वाट त्याला ठाऊक नसते.

‘पिल्लूच हवं, मोठा कुत्रा लळा लावत नाही,’ हेही खरं नाही. पिल्लू रात्री दोनदा-तीनदा उठवतं, चपला कुरतडतं, आणि लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो, डिस्टेंपर या आजारांची टांगती तलवार असते. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा आकार आणि स्वभाव आधीच कळतो. नोकरी करणाऱ्या जोडप्याला मी तोच सुचवेन. कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे असं समजावं.

देशी कुत्रा इथल्या हवेत टिकतो, पण म्हणून बिनखर्चाचा नसतो. गोचीडताप त्यालाही होतो. रेबीजची लस दरवर्षी लागते. उरलेली आमटी-भाजी वाढू नये, कारण कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

सोसायटीचा धाकही अनेकांना असतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांनुसार बहुमताच्या ठरावानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही.

संस्था घर पाहायला येतात, खिडकीची जाळी तपासतात, गावाला गेलात तर कोण सांभाळेल हे विचारतात. लोक रागावतात. पण परत आलेला कुत्रा पुन्हा माणसावर विश्वास टाकायला फार वेळ घेतो, हे संस्थांनी पाहिलेलं असतं. पाळलेला प्राणी रस्त्यावर सोडणं प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की दत्तक घेतलेला भटका कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची.

आणि मग एका दुपारी तोच कुत्रा दिवाणखान्याच्या मधोमध, चारी पाय वर करून, पोट उघडं टाकून घोरत पडलेला दिसतो. रस्त्यावर त्याला असं झोपताच आलं नसतं.