बांधणी फसली म्हणजे नेमकं काय फसलं? लिनक्सवर पीएचपीची एक्स्टेन्शन बसवताना

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या कारणविचारावर बोललो, आणि शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं घट आणि कुंभार, तंतू आणि पट ठीक आहे, पण आजच्या माणसाला याचा उपयोग काय?" तेव्हा मी वेळ मारून नेली. आज उत्तर देतो. विषय जरा वेगळा वाटेल, पण तो माझ्या घरात घडलेला आहे.

माझ्या गुरुजींच्या हस्तलिखित टिपणांची अकराशेच्या वर पानं आम्ही दोघा-तिघा विद्यार्थ्यांनी स्कॅन केली आणि एका छोट्या संकेतस्थळावर ठेवली. संगणक माझ्याच खोलीत आहे, त्यावर उबुंटू लिनक्स. संकेतस्थळ पीएचपी या भाषेत लिहिलेलं. स्कॅन केलेलं पान फार मोठं असतं, फोनवर उघडायला वेळ लागतो, म्हणून ते मागणीबरोबर लहान करून पाठवायचं काम 'इमॅजिक' नावाचं एक्स्टेन्शन करतं. एक्स्टेन्शन म्हणजे मूळ भाषेला जोडलेला जादा अवयव. गुरुजींच्या पत्नी, आम्ही त्यांना माई म्हणतो, वय ९१. रोज सकाळी चहाबरोबर एक पान वाचतात. मी संगणकाची यंत्रणा २०.०४ वरून २२.०४ वर नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "अरे, आज पान आलंच नाही. यांचं अक्षर दिसेना."

तर शोध सुरू झाला.

आधी या बसवणाऱ्याची ओळख करून देतो. पीएचपीची एक्स्टेन्शन बसवणाऱ्या साधनाचा आणि त्याच्या भांडाराचा उच्चार अधिकृतपणे 'पिकल' असा करतात. म्हणजे लोणचं! (हशा) पीएचपी एक्स्टेन्शन कम्युनिटी लायब्ररीची ती आद्याक्षरं. पण नाव लोणच्याचं असलं तरी हे दुकानातल्या बरणीसारखं तयार मिळत नाही. पिकल तुम्हाला कैऱ्या, मसाला आणि कृती आणून देतं, म्हणजे सी भाषेतला मूळ मजकूर. लोणचं तुमच्याच स्वयंपाकघरात घातलं जातं, तुमच्याच भांड्यांत. ही एक गोष्ट लक्षात आली की निम्म्या चुकांचा उलगडा होतो. 'बसवायला गेलो आणि बिघडलं' असं आपण म्हणतो, खरं तर बसवण्याच्या आधीची बांधणी फसलेली असते.

तर्कसंग्रहात कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत ते आठवा. कापडाचं समवायी कारण धागे; असमवायी कारण धाग्यांचा संयोग; आणि निमित्त कारण माग, धोटा वगैरे. इथे सी भाषेतला मजकूर म्हणजे धागे. जीसीसी हा कंपायलर, मेक, ऑटोकॉन्फ ही निमित्त कारणं. आणि हे धागे कुठे, कशात गुंफायचे ते सांगणाऱ्या हेडर फायली असतात. त्या नसतील तर धागे आहेत, माग आहे, पण संयोग होत नाही. तुलना अगदी काटेकोर नाही, नैयायिक माझ्यावर रागावतील, पण चालवून घ्या.

आता माझे प्रमाद क्रमाने सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपले प्रमाद सांगायला संकोच वाटत नाही.

पहिला प्रमाद. यंत्रणेबरोबर पीएचपी ७.४ ची ८.१ झाली होती. मी जुन्या सेटिंगच्या फायलीतली एक्स्टेन्शनची ओळ नव्या फायलीत उतरवली. पीएचपी म्हणालं, इमॅजिकची फाईल उघडता येत नाही, अमुक फोल्डरमध्ये ती नाहीच. त्या फोल्डरचं नाव होतं २०२१०९०२. जुनी फाईल २०१९०९०२ नावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप होती. मी म्हटलं, सोपं आहे, आणि तिची प्रत उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकली. लगेच नवी तक्रार: हे मॉड्यूल २०१९०९०२ या एपीआयवर बांधलेलं आहे, पीएचपी २०२१०९०२ वर बांधलेलं आहे, दोन्ही जुळले पाहिजेत.

हे आकडे तारखांसारखे दिसतात आणि तारखांवरूनच घेतलेले आहेत. पीएचपीच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत आतली रचना बदलते, तिला असा क्रमांक देतात. ७.४ चा २०१९०९०२, ८.० चा २०२००९३०, ८.१ चा २०२१०९०२, ८.२ चा २०२२०८२९, ८.३ चा २०२३०८३१. एका रचनेसाठी बांधलेला अवयव दुसऱ्या रचनेत बसत नाही, आणि पीएचपी तो बसवू देत नाही हे उपकारच आहेत. कारण जबरदस्तीने बसला असता तर कुठेतरी भलतीच स्मृती वाचली गेली असती आणि चूक दिसली असती तिसरीकडेच. तेव्हा फाईल उचलून नेणे हा उपाय नव्हे. नव्याने बांधणे हाच उपाय.

प्रत काढून टाकली आणि पिकलला म्हटलं, इमॅजिक बसव. ते म्हणालं, हे तर आधीच बसवलेलं आहे. आता आली पंचाईत! डोळ्यांसमोर नाही, आणि म्हणे आहे. हा प्रत्यक्ष आणि शब्द या दोन प्रमाणांतला झगडा आहे. पिकल आपली एक नोंदवही ठेवतं. 'आहे की नाही' हे ते वहीत बघून सांगतं, कपाटात बघून नाही. वहीत ७.४ च्या काळची नोंद होती. अशा वेळी दोन मार्ग: आज्ञेत इन्स्टॉलच्या पुढे 'डॅश एफ' जोडून सक्ती करायची, किंवा अनइन्स्टॉलच्या पुढे 'डॅश आर' लावून फक्त वहीतली नोंद खोडायची आणि पुन्हा सुरुवात करायची. मी सक्ती केली.

मग आलं, 'पीएचपीआइझ सापडलं नाही'. याचं कारण मीच. पहिल्यांदा बांधणी झाल्यावर जागा वाचवायला मी डेव्हलपमेंटची पॅकेजं काढून टाकली होती. घर बांधून झाल्यावर थापी आणि ओळंबा कोण दिवाणखान्यात ठेवतो? आणि ती काढल्यावरही संकेतस्थळ दोन वर्षं व्यवस्थित चाललं, त्यामुळे मला वाटलं, त्यांचा काही संबंध नाही. चालण्याची कारणं वेगळी आणि घडण्याची कारणं वेगळी, हे मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं आणि घरी विसरलो. कुंभार मेला तरी माठात पाणी राहतं. नवा माठ हवा असेल तर मात्र कुंभार लागतो. पीएचपीआइझ हे साधन डेबियन-उबुंटूवर 'पीएचपी-डेव्ह' पॅकेजात येतं, फेडोरा आणि त्याच्या कुळात 'पीएचपी-डेव्हेल'मध्ये. 'ऑटोकॉन्फ सापडत नाही' असं कुणाला दिसलं तर तेही याच जातीचं, ऑटोकॉन्फ बसवा.

इथे एक फार उपयोगाची गोष्ट. पीएचपीआइझ चालू होताच पहिल्या तीन-चार ओळींत सांगतं की मी कोणत्या एपीआयसाठी बांधतो आहे. एका संगणकावर पीएचपीच्या दोन आवृत्त्या असतील तर पुष्कळदा बांधणी जुन्यासाठीच होते, सगळं 'यशस्वी' दिसतं आणि शेवटी तीच न जुळण्याची तक्रार येते. म्हणून त्या ओळी वाचा. सगळे जण सरकन वर जाऊ देतात.

पुढची चूक मला भाषेच्या दृष्टीने फार आवडली. ती म्हणते, 'एरर: सापडलं नाही.' काय सापडलं नाही? कर्ताच नाही! (हशा) पुढे म्हणते, मॅजिकवाँड-कॉन्फिग किंवा वाँड-कॉन्फिग या प्रोग्रॅमचा पत्ता द्या. मी तो प्रोग्रॅम शोधत बसलो. पत्ता देणार कसा, तो संगणकावर नव्हताच. कर्ता आदल्या ओळीत होता: 'इमेजमॅजिक मॅजिकवाँडची अमुक गोष्ट तपासतो आहे', आणि त्याच ओळीला जोडून 'सापडलं नाही'. इमॅजिक हा पीएचपी आणि इमेजमॅजिक नावाच्या चित्रांवर काम करणाऱ्या स्वतंत्र ग्रंथालयामधला दुभाषा. ग्रंथालय होतं, पण त्याच्या हेडर फायली नव्हत्या. उबुंटूवर 'लिब-मॅजिकवाँड-डेव्ह', फेडोरावर 'इमेजमॅजिक-डेव्हेल'. नावाच्या शेवटी डेव्ह किंवा डेव्हेल असलेलं पॅकेज आहे का, हे अशा वेळी आधी बघावं.

यातून एक पद्धत सांगतो. आपण चुकीची शेवटची ओळ वाचतो, कारण ती पडद्यावर समोर असते. 'मेक फेल्ड'. हा धूर आहे. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे हे अनुमान बरोबर, पण अग्नी कुठे आहे ते धूर सांगत नाही. त्यासाठी वर चढत जायचं आणि 'एरर' शब्द जिथे प्रथम आला ती ओळ गाठायची. ती आणि तिच्या वरची एक. पुढच्या पन्नास ओळी बहुधा त्याचाच पडसाद असतात.

दुसरं, एका वेळी एकच बदल. अन्वय आणि व्यतिरेक: हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. मी त्या दिवशी इंटरनेटवरून कुणाच्या तरी सात आज्ञा एकदम उचलून चालवल्या. त्यांतली एक उपयोगी होती, बाकी सहा म्हणजे कुंभाराकडे माती वाहून आणणारं गाढव. नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणतात: माठ होण्याआधी गाढव तिथे नेमाने हजर असतं, पण ते माठाचं कारण नव्हे. संगणकाच्या दुनियेत अशी गाढवं फार, आणि एकाकडून दुसऱ्याकडे मोठ्या श्रद्धेने दिली जातात.

असो. बांधणी पूर्ण झाली. पिकलने सांगितलं, आता पीएचपीच्या आयएनआय फायलीत एक्स्टेन्शनची ओळ घाला. ती तर मी घातलेलीच होती. टर्मिनलवर 'पीएचपी डॅश एम' केलं, यादीत इमॅजिक आलं. मी आनंदाने माईंना फोन केला. "नाही रे, कोरंच आहे."

इथे माझा दीड तास गेला. कारण एवढंच की उबुंटूवर टर्मिनलचं पीएचपी आणि संकेतस्थळाचं पीएचपी यांच्या सेटिंगच्या फायली वेगवेगळ्या असतात: एक सीएलआय फोल्डरमध्ये, दुसरी एफपीएम फोल्डरमध्ये. मी ओळ पहिलीत घातली, पानं दुसरी चालवते. माझी परीक्षा बरोबर होती, पण परीक्षार्थी चुकीचा होता. 'पीएचपी डॅश डॅश आयएनआय' ही आज्ञा कोणती फाईल वाचली जाते ते सांगते, पण टर्मिनलपुरतंच. संकेतस्थळासाठी पीएचपी-इन्फो दाखवणारं छोटं पान काही क्षण ठेवून बघावं आणि लगेच काढावं, कारण ते परक्यांनाही बरंच काही सांगतं. डेबियन-उबुंटूची नीट रीत अशी: मॉड्स-अव्हेलेबल फोल्डरमध्ये इमॅजिकची छोटी आयएनआय फाईल करायची, 'पीएचपी-एन-मॉड' ही आज्ञा द्यायची, आणि एफपीएमची सेवा पुन्हा सुरू करायची. त्यामुळे दोन्हीकडे एकदमच लागू होतं.

मला न आलेल्या पण विद्यार्थ्यांना आलेल्या दोन अडचणी सांगून टाकतो. एक, सुडो लावूनही 'परमिशन डिनाइड'. पिकल तात्पुरत्या टेम्प फोल्डरमध्ये बांधणी करतं, आणि काही सर्व्हरवर तिथे कुठलीही फाईल चालवायला बंदी असते, मग तुम्ही कितीही मोठे अधिकारी असा. पिकलच्या कॉन्फिग-सेट आज्ञेने 'टेम्प-डिर' दुसरीकडे न्यायचं. दुसरी, 'या एक्स्टेन्शनला पीएचपी ८ लागतं, तुमच्याकडे ७.४ आहे'. इथे भांडू नये. नावापुढे जुनी आवृत्ती लिहावी. एक्सडीबगसाठी ७.४ वर ३.१.६ ही शेवटची.

आता कबुली. संध्याकाळी एका माजी विद्यार्थिनीला हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "सर, ॲप्टने पीएचपी-इमॅजिक पॅकेज घेतलं असतं तर एका ओळीत झालं असतं. तयार बरणी मिळते." खरं आहे. प्रसिद्ध एक्स्टेन्शन बहुतेक वितरणांत तयार असतात, ती आधी बघावीत, कारण पुढच्या अद्ययावतीत ती यंत्रणेबरोबर आपोआप बदलतात. पिकलने बांधलेल्याचं पालकत्व तुमच्याकडे राहतं. फक्त दोन्ही एकत्र करू नका. ॲप्टची वही वेगळी, पिकलची वेगळी, फाईल एकच, आणि कुणी कुणाला विचारत नाही. तयार नसेल, किंवा नेमकी आवृत्ती हवी असेल, तेव्हा बांधणी. अलीकडे पीएचपी फाउंडेशनने 'पाय' नावाचा नवा बसवणारा केला आहे, २०२५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. पिकलची जागा तोच घेणार आहे. पण कंपायलर, हेडर फायली, एपीआय क्रमांक हे तिथेही चुकत नाहीत, लिनक्सवर तोही सहसा बांधणीच करतो.

सेवा पुन्हा सुरू केली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. माईंनी पान उघडलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिसतंय रे. पण हे आडवं आहे."

ते मात्र आमच्याच स्कॅनिंगचं. तिसऱ्या वहीची चाळीस पानं आम्ही आडवी ठेवली होती, आणि दोन वर्षांत त्या तिथपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ती फिरवली.

प्रश्न असतील तर विचारा.